पांढऱ्या ओघळाची खूण

दर्याच्या पाखराला नाय झाड, नाय घर
माझं कुकू मी ठेविलं बंधूच्या गं नजरंवर

बारा वर्षांमागं चिंचणीच्या वाळूत, वलांडीच्या बांबूंवर ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगताना नलूनं हे गायलं होतं. पाठमोरी होती. तिचा नवरा नरहरी आणि तिचा थोरला भाऊ महादू पत्र्याच्या पेट्या खांद्यावर घेऊन वाणगाव स्टेशनाकडं निघाले होते. सरकारी पाहणीच्या बोटीवर खलाशी म्हणून, पार अंदमानाकडं. रडू नये म्हणून ती गात होती, आणि गाताना वळून बघू नये म्हणून बोंबील पुन्हापुन्हा सारखे करत होती. महादूला तेव्हा ती नेहमीची ओवी वाटली. बायका गातात, आपण चालू पडतो. आज, एप्रिलातल्या सकाळी, बोईसरच्या कापड कारखान्यात बॉइलरपुढच्या स्टुलावर बसून आतलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडं बघताना तो आवाज इतका जवळून आला की त्यानं मान वळवली. मागं फक्त बलियाकडचा फायरमन होता, कोळशाच्या ढिगाशेजारी ट्रान्झिस्टर ठेवून. बातम्या देणारी बाई तिच्या रोजच्या सुरात सांगून गेली होती, की अंदमानाच्या पूर्वेला एका ओसाड बेटावरचा, दीड-पावणेदोनशे वर्षं निजलेला ज्वालामुखी जागा झाला आहे, धूर आणि राख दुरून दिसते आहे, बेटावर मनुष्यवस्ती नसल्यानं हानी झालेली नाही. मग ती निवडणुकीच्या बातमीकडं वळली.

हानी नाही. महादूनं काचेतलं पाणी पाहिलं. ते खुणेच्या रेघेवर होतं, तरी त्याला ते हललं असं वाटलं. काच मध्येच धूसर झाली आणि त्या धुसरपणात एक काळा कडा उभा राहिला, त्यावरून खाली आलेला पांढरा ओघळ. त्यानं फडक्यानं काच पुसली. छातीत पहिल्यांदा जे हललं ते हलकं होतं, ओझं खाली ठेवल्यासारखं: म्हणजे आता ती खाच गेली, तो कडा गेला, आता कुणी जाऊन बघू शकणार नाही. आणि त्या हलकेपणाचीच त्याला अशी शिसारी आली की त्यानं तीच काच पुन्हा पुसली. बारा वर्षं आपण याची वाट बघत होतो का? डोंगर फुटावा, पुरावा बुजावा, याची? फायरमननं विचारलं, तबियत ठीक आहे ना. महादू हो म्हणाला. महादूला कारखान्यात सगळे हसायचे. पुढच्या पाळीचा रिलीवर आल्याखेरीज तो स्टूल सोडायचा नाही, चहासुद्धा काचेकडं बघत प्यायचा, लघवी दाबून धरायचा. ‘जमराज आएगा तो ये बोलेगा, पहले रिलीवर भेजो,’ असं फायरमन नव्या माणसांना सांगायचा आणि महादूही त्यांच्यात हसायचा. जागा न सोडणारा माणूस, ही त्याची ओळख होऊन बसली होती. ती त्यानं घडवली होती, एकेका दिवसानं, जसं घसरत्या वाळूवर कुणी दगड रचत जावं.

गेल्या रविवारी नलू आली होती, फडक्यात सुके बोंबील बांधून. खोलीच्या उंबऱ्यातच बसली, आत आली नाही. म्हणाली, नवी होडी बांधून झाली, सहा घरांची मिळून. पावसाळा सरला की पाण्यात लोटायची. सगळ्यांचं म्हणणं नरहरीनं तांडेल व्हावं, होडीचा मुख्य त्यानं व्हावं; या पट्ट्यातला दर्याचा तळ त्याच्याइतका कुणाला ठाऊक नाही, थोरला दादू तांडेल स्वतः दोनदा घरी येऊन गेला. पण ह्यांचं एकच, माझा डोळा खोटा झालाय. बुधवारी चार वाजता होडीपाशी बैठक. तेव्हाही ते नाहीच म्हणाले तर डहाणूकडचा तांडेल आणायचा ठरलंय, मग हे जन्मभर दुसऱ्यांची जाळी सांधत बसणार. लंगड्या पायाचं मला काही वाटत नाही दादा, असं नलू म्हणाली. पण आता ते दारातून दिसणारी होडीसुद्धा मला विचारून ओळखतात. शीड आहे का ढग आहे, नलू? एवढं म्हणून ती पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली. मग तिनं मान वर केली.

‘तू त्यांच्यासंगं होतास तिथं. तू सांग त्यांना. एकदा खूण चुकली म्हणजे मानूस मरतो का?’

बघतो, असं महादू म्हणाला होता. आज बुधवार होता.

बेटाला रंग नव्हता, हेच त्याला आधी आठवायचं. समुद्र किनाऱ्याला लागेपर्यंत गडद निळा, आणि तिथून एकदम काळं. वाळू काळी, दगड काळे, मधोमध राखेचा डोंगर काळा, जसं कुणी अख्खं गाव भाजून ढीग करून ठेवावं. चिंचणीला पाणी उथळ होत होत, ढवळत, माणसाला सवय करून देत जमिनीला येतं. इथं तो मायाळूपणा नव्हता. बोट दूर उभी राहिली आणि छोट्या होडीतून ते तिघं निघाले: वल्ह्यांवर महादू, पुढं नरहरी, मध्ये कमलाकांत साहेब. साहेब पाखरांचे आणि जनावरांचे जाणकार, काडीसारखे बारीक, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात दुर्बीण आणि नाकाला सतत रुमाल. जानेवारीतली शांत सकाळ होती, उडते मासे पाण्यावरून चिंध्यांसारखे फडफडत जायचे. साहेबांना त्या एका दिवसात बेटावरचं जिवंत ते सगळं मोजायचं होतं. त्यांनी दोघांना समजावलं, आज एक दिवस पाखरांकडं पाखरं म्हणून बघा, मासळी विसरा. नरहरी हसत म्हणाला होता, साहेब, पाखरू बघून मासळी विसरायची म्हणजे भरलं ताट बघून तोंड मिटायचं. साहेबही हसले. लहानपणापासून दोघांच्या बापांनी शिकवलेलं ते एकच: पाखरं जिथं पडतात तिथं खाली मासळी उसळलेली असते, बघायचं आणि सुटायचं, विचार करायला थांबलास तर दुसरी होडी पोचली.

काळ्या खडकांच्या दोन सोंडांमध्ये एक खाच होती, होडी आत जाईल एवढी. दगडांखालून गरम पाणी झिरपत होतं. पाय ठेवला की घोट्याला कढत आणि पावलाला गार, दोन्ही एकदम. होडी गोट्यांवर ओढून घेतल्यावर नरहरीनं पहिलं काम केलं ते खूण धरण्याचं. अशा खाचा त्या किनाऱ्याला चार-पाच होत्या, एकीसारखी दुसरी. त्यानं मागच्या कड्याकडं बघितलं, डोळे बारीक करून दोन पावलं डावीकडं सरकला. कड्यावरून पाखरांच्या विष्ठेचा लांब पांढरा ओघळ आला होता आणि त्याच्या माथ्यावर एक वाकडं झाड. ओघळ झाडाच्या बुडाशी दिसला की खाली आपली खाच, असं त्यानं महादूला सांगितलं. चिंचणीला ते असंच करायचे: अणुकेंद्राची चिमणी महालक्ष्मीच्या डोंगराखाली आली की जाळं टाकायचं. लांबची वस्तू आणि जवळची वस्तू एका रेषेत आणली की दर्याचा एवढासा ठिपका आपला होतो. यात नरहरीचा हात कुणी धरत नव्हता. बावीस वर्षांचा असताना धुक्यात त्यानं तीन होड्या घरी आणल्या होत्या. नलूला तो तेव्हाच आवडला, पण हे ती कुणाला सांगत नव्हती. महादूला मात्र तिच्या ओव्यांतून कळलं होतं.

मग ते चढले. राखेत गुडघ्यापर्यंत पाय जायचा. बकऱ्या दिसल्या तेव्हा महादूला हसू आलं, इतक्या लांब येऊन बघायचं काय तर बकऱ्या. साहेब कुजबुजत सांगत होते, शंभरेक वर्षांपूर्वी कुठल्याशा जहाजानं सोडून दिलेल्यांची ही पिलावळ. माणूस नाही, गोड पाण्याचं तळं नाही, तरी जगल्या, कशा ते बघायचं. त्या कड्याच्या चिंचोळ्या धारेवरून देवळाच्या पायऱ्या उतराव्यात तशा उतरत होत्या. तिघं दगडासारखे बसून राहिले. एका करडाची आई चालत आली, नरहरीच्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली. तिला भीती नव्हती, कारण तिला माणूस काय करतो ते माहीत नव्हतं. नरहरीनं श्वास धरला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तसला उजेड महादूनं त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. वर झाडीत पांढरी कबुतरं होती, पंखांच्या कडा शाईत बुडवल्यासारख्या. पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचं घरटं साहेबांना दुर्बिणीतून सापडेना, ते नरहरीनं नुसत्या डोळ्यानं दाखवलं. तेव्हा साहेबांनी गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या गळ्यात घातली. म्हणाले, हिची गरज मला आहे, तुम्हाला नाही, पण आज तुम्ही वापरा. नरहरी दोरीच्या तुकड्याला एकेका बकरीमागं गाठ मारत होता. दुपारपर्यंत एक्केचाळीस गाठी झाल्या.

दुपारी खालून लाटांचा आवाज बदलला. तिघांनाही कळलं, दर्या फुगतोय. होडी गोट्यांवर आपटून फुटेल. नांगर टाकावा तर काठालाच तळ लागत नव्हता. एकानं होडीत बसून वल्ह्यांवर तिला खाचेत धरून ठेवायला हवं होतं. महादू म्हणाला, मी जातो. नरहरी म्हणाला, चारला येतो आमी, खाच सोडू नको. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, सांगायचं म्हणून सांगितलेलं. पुढचा दीड तास महादूनं होडी धरली, एक वल्हं पुढं, एक मागं, झोपाळ्यावर पोर थोपटावं तशी. आणि मग साडेतीनच्या सुमाराला काळ्या सोंडेपलीकडच्या पाण्यावर पाखरं पडली. आधी पाच-सहा, मग आभाळ फाडून खाली ओतल्यासारखी. साहेब ज्यांना सुरय म्हणायचे ती पाखरं, सुईसारखी पाण्यात शिरणारी. पाणी खालून उकळत होतं, चांदीचं. याबद्दल महादूनं स्वतःशी किती वेळा भांडण केलं होतं! हाव नव्हती, पैसा नव्हता, बोटीवर खायला होतं. हात गेले. पाखरांकडं दाखवणारं बापाचं बोट डोळ्यांपुढं आलं आणि वल्ही आपोआप फिरली. खाच मागं पडली तेव्हा तो मोठ्यानं हसत होता. लाकडाला गुंडाळलेली गरी खिशात होती. चार कुपे मासे त्यानं ओढले, मांडीएवढे, होडीच्या तळात ढोल वाजवणारे. चहूकडं पाखरं, त्यांचे पंख कानाला लागत होते. हीच गोष्ट तो कुणाला सांगू शकला नसता. चूक सांगता येते. पण त्या अर्ध्या तासात तो इतका सुखी होता, की त्यानंतर कधीच नाही.

परत आला तेव्हा खाच रिकामी होती. त्याला वाटलं, वेळेत आलो. मग सोंडेच्या दुसऱ्या अंगानं साहेबांची हाक आली, फाटलेली. महादूनं तेव्हा जे पहिलं केलं ते असं: चारही कुपे पाण्यात टाकले आणि ओंजळींनी होडीतलं रक्त धुतलं. पाखरं त्या माशांवर येऊन पडली. मग तो हाकेकडं गेला. पुढच्या खाचेत नरहरी दोन खडकांमध्ये अडकला होता, डावा पाय दिसू नये असा झालेला, आणि साहेब चष्म्यावाचून त्याचे खांदे धरून बसले होते. झालं होतं ते सरळ होतं. पावणेचारला दोघे खाचेवर आले, होडी नव्हती. नरहरीनं वर पाहिलं, ओघळ पाहिला, झाड पाहिलं, रिकामं पाणी पाहिलं, आणि ठरवलं की आपली खाच ही नव्हे, पुढची. साहेबांना घेऊन तो धारदार दगडांवरून पलीकडं गेला. तिथं लाटेनं साहेबांना ओढलं, नरहरीनं त्यांना वर ढकललं, लाट त्याला घेऊन खडकावर आली. महादूनं त्याला होडीत घेतलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. म्हणाला, ‘म्हादू, खूण चुकली माझी. तू तिकडंच होतास ना?’

महादूनं हो अशी मान हलवली. मान हलवायला किती वेळ लागतो? पापणी लवते तेवढा. त्यावर बारा वर्षं उभी राहिली. बोटीवर कप्तानानं विचारलं तेव्हा नरहरीच आधी बोलला, चूक माझी. साहेबांनी अहवालात त्याच्याबद्दल चांगलं लिहिलं, माझा जीव याच्यामुळं वाचला म्हणून. दुर्बीण परत मागितली नाही. महादूला वाटायचं, पाय जुळला की सांगू. मग वाटायचं, पाय आखूड जुळला, आता कसं सांगू. मग त्यानं दर्या सोडला, बॉइलरची परीक्षा दिली आणि स्टुलावर येऊन बसला.

एक वाजून गेल्यावर त्यानं सुपरवायझरकडं निरोप धाडला, रिलीवर लवकर द्या. फायरमन फावडं टेकून बघतच राहिला. ‘जमराज आ गया क्या, महादूभाई?’ त्याच्या आवाजात थट्टा होती आणि थोडी काळजीही. महादूनं पाळीची वही पुरी केली. रिलीवर आला, त्यानं काच बघितली, वही बघितली, आणि मगच महादू उठला. एस.टी.त खिडकीशी बसला. कारखान्यांच्या भिंती सरल्या, मिठागरं लागली, दूर अणुकेंद्राची चिमणी दिसली. तिच्यामागं डोंगर शोधायचा त्यानं प्रयत्न केला. उन्हाच्या वाफेत तो नव्हता. सांगायचं ते शब्दांत जुळेना. गाडी हलली की जुळलेलं सुटायचं.

नरहरी सुरूच्या सावलीत बसला होता, आखूड पाय वाळूत सरळ केलेला, मांडीवर जाळं. पलीकडं नवी होडी लाकडाच्या टेकूंवर उभी, अजून रंग न दिलेली, तेलाच्या वासाची. भागीदार जमायला लागले होते. महादू शेजारी बसला. चारचौघांत तो त्याला भावोजी म्हणायचा, लग्नाआधीचं नाव हळूहळू बंद झालं होतं. म्हणाला, भावोजी, ते बेट पेटलंय; सकाळी रेडिओवर सांगितलं. जाळ्यातून फिरणारी लाकडी सुई थांबली. नरहरीनं समुद्राकडं पाहिलं. मग त्यानं विचारलं, बकऱ्यांचं काय? महादूला माहीत नव्हतं. नरहरी म्हणाला, चढल्या असतील दुसऱ्या अंगानं, त्यांना वाटा माहीत हायत. ती गुडघ्याला नाक लावणारी केव्हाच मेली असेल, पण तिच्या नाती असतील. आणि मग तो तसाच जाळ्याकडं बघत, हळू, जसं काही मनातलंच बोलावं, बोलला.

‘आजपन झोपेत दिसतं मना. ओघळ, नि वरती झाड, बरोबर एकाखाली एक. वाटतं, मी बरोबरच होतो. मग जागा होतो नि तू आठवतोस. तू काय जागा सोडनारा मानूस नाय. म्हणजे डोळाच खोटा.’

महादू त्याच्याकडं वळला. तेवढ्यात हाक आली. होडीच्या सावलीत दादू तांडेल टोपी मांडीवर घेऊन बसला होता, भागीदार भोवती. काशीबाई, पाटल्या मोडून भाग घेतलेली विधवा, कंबरेवर हात ठेवून उभी. नलू जरा लांब, होडीच्या बुडाला टेकून, इकडं न बघता. दादू तांडेलानं थोडक्यात विचारलं, होय का नाय. नरहरी टेकूला धरून उभा राहिला.

‘बोल रं,’ काशीबाई म्हणाली. ‘डोळा नाय म्हणतोस तर तोंड तरी हाय का? आमाला चुली पेटवायच्यात.’

कुणीतरी हसलं. नरहरीही ओशाळं हसला. त्यानं सुरुवात केली, तुमी मान दिलात, पण सहा घरांची मानसं माझ्या नजरंवर दर्यात न्यायची म्हणजे... नजरंवर, हा शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि महादूला वलांडीपाशी पाठमोरी उभी असलेली ती दिसली, तरुण, बोंबील सारखे करणारी. कुकू मी ठेविलं. ते तिनं कुणाच्या नजरेवर ठेवलं होतं ते ओवीत स्पष्ट होतं, लपवलेलं काही नव्हतं. आत्ता ती होडीला टेकलेली होती, केसांत पांढरं, बोटं लाकडाच्या फटीत. ओहोटीच्या चिखलावर चार-दोन बगळे चालत होते. समुद्र सपाट होता, त्यावर कुठं पाखरू पडत नव्हतं, पळून जायला काही नव्हतं. महादू उठला. बसलेल्यांमधून वाट काढत नरहरीसमोर गेला, इतका जवळ की त्याला त्याच्या अंगाचा जाळ्याचा वास आला. भावोजी म्हणायला तोंड उघडलं, पण ते नाव आलं नाही.

‘नऱ्या,’ तो म्हणाला, नलूलाही ऐकू जाईल असं, ‘ओघळ झाडाखालीच होता. तू बरोबर खाचेत उभा होतास. मीच नव्हतो तिथं. पाखरं पडली, नि मी खाच सोडून मासळीमागं गेलो होतो.’